शून्याच्या जागी एस

सात नावं शेवटच्या पानावर होती. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, रिजेक्टेड. पाचवं नाव माझं.

लिमयेसाहेबांनी मशीनमधून निघालेला तो लांबलचक कागद टेबलावर पसरला, पेन्सिलीचं टोक माझ्या नावावर टेकवलं आणि हसले. मशीनरूममध्ये आम्ही सहाजण होतो. साहेब, चार बंगाली आणि मी. साहेब मराठीत बोलले. म्हणजे जे बोलले ते खास माझ्यासाठी होतं, बाकीच्यांना त्यातलं अक्षर कळणार नव्हतं.

"बघ. मशीनलासुद्धा कळतं, कोण कुठलं ते."

आणि मी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कोणी मला शूर समजू नये. साहेब हसले म्हणून मीही हसले. आमच्या पंच विभागाची मुख्य शेफालीदी समोर उभी होती. तिला वाटलं काहीतरी विनोद झाला, म्हणून तीही हसली. माझे कान तापले होते आणि तोंड हसत होतं. साहेबांच्या बोलण्यापेक्षा मला त्या माझ्या हसण्याची आजही जास्त चीड येते.

ती यादी परीक्षेची होती. आमच्या सरकारी कचेरीत प्रोग्रॅमरच्या चार जागा निघाल्या होत्या. बाहेरची माणसं घ्यायची नाहीत, आतल्यांचीच परीक्षा घ्यायची असं ठरलं होतं, कारण मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आलं म्हणून युनियन आधीच खवळलेली. ज्यांनी अर्ज केला त्यांचे कर्मचारी नंबर मशीनला द्यायचे, मशीन यादी छापणार, यादीवरून प्रवेशपत्रं निघणार. यादीत नाव नाही तर प्रवेशपत्र नाही. प्रवेशपत्र नाही तर परीक्षा नाही. मी पंच ऑपरेटर होते. पाच वर्षं झाली होती. दुसऱ्यांनी लिहिलेलं दिवसभर कार्डांवर भोकं पाडून उतरवायचं, हे काम. त्या खुर्चीतून उठायला मला त्या परीक्षेशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

आणि मला प्रोग्रॅमिंग येत होतं. हे कोणाला माहीत नव्हतं. प्रोग्रॅमर लोक बारीक चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहायचे, आणि तो कागद आमच्याकडे पंचिंगला यायचा. बाकीच्या मुली न वाचता पंच करायच्या. मी वाचायचे. कोबोल ही भाषा तशी सोप्या इंग्रजी वाक्यांचीच. हे असेल तर असं कर, नसेल तर तिकडे जा. पाच वर्षांत माझ्या बोटांखालून शेकडो प्रोग्रॅम गेले. कोणाचा प्रोग्रॅम कुठे अडकणार हे मला पंच करतानाच दिसायचं. पण सांगायची सोय नव्हती. ऑपरेटरला एकच नियम. जसं दिसेल तसं पंच करा, स्वतःचं डोकं लावू नका. कागदावर चूक असेल तर चूकसुद्धा जशीच्या तशी कार्डावर गेली पाहिजे.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. जातीनं चांभार. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात दफ्तरी होते, फायली बांधायच्या, शिवायच्या. त्यांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. डमडमला दोन खोल्या मिळाल्या. शाळा बंगाली, गल्ली बंगाली. मराठी फक्त घरात, तीही आई-बाबा बोलतील तेवढी. ती विसरायला नको म्हणून दर रविवारी बाबा मला गावाकडून आलेली काकांची पत्रं मोठ्यानं वाचायला लावायचे. मी अडखळले की रागवायचे. आज हे मराठीत लिहिते आहे ते त्या पत्रांमुळे.

म्हणून नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी मशीन विभागाचे प्रमुख मराठीत बोलले तेव्हा मी वेडी झाले होते. लिमयेसाहेबांचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात. बालीगंजला स्वतःचं घर. मराठी मंडळींच्या गणपतीचं सगळं त्यांच्या बायकोच्या हातात. साहेबांनी माझं नाव ऐकलं आणि म्हणाले, अहो, मग तुम्ही तर आपल्याच. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबा दोनदा म्हणाले, बरं झालं. आईनं शिरा केला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, मूळ गाव कुठलं. मग विचारलं, वडील पूर्वी काय करायचे. आजोबा काय करायचे. एकाच प्रश्नाला त्यांनी तीन दारांतून हात घातला. मी सांगितलं. लपवण्यासारखं काही केलं नव्हतं. साहेब "अस्सं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, उलट मराठीतच बोलत राहिले. फक्त "अहो" गेलं आणि "तू" आलं. विभागातल्या बंगाल्यांना ते बंगालीत "आपनि", म्हणजे आपण, म्हणत. चहा आणणाऱ्या म्हाताऱ्या दरवानालाही आपनि. तू म्हणायला त्यांच्याकडे एकच माणूस होतं, आणि एकच भाषा.

आता सँडलचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मशीनरूममध्ये पायताण चालत नसे. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून सगळ्यांनी चपला-बूट दाराबाहेर लाकडी फळीवर काढून आत जायचं. देवळात जावं तसं. एक दिवस साहेब बाहेर आले आणि पायात घालताना त्यांच्या सँडलचा पट्टा तुटला. मी फळीपाशीच होते. साहेबांनी ती सँडल उचलली आणि माझ्या हातात दिली.

"घरी घेऊन जा. तुझ्या बाबांच्या हातचं काम आहे."

मी घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत, डब्याला लावून ठेवली. ते एक पायताण घेऊन शियालदाहून डमडमला गेले. साहेब कपाटातली जुनी चप्पल घालून घरी गेले असतील. गाडीत पिशवी मांडीवर होती. खाली ठेवावी असं मनात आलं नाही, इतकी मी बावळट.

बाबांनी पुडकं सोडलं. सँडल उलटीपालटी करून बघितली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी आरी हातात धरलेली नव्हती. आजोबांनी धरू दिली नव्हती. शिकायचं सोडून इकडे आलास तर हात मोडीन म्हणायचे. बाबा मॅट्रिक झाले ते त्या धाकानं. सकाळी कामावर जाताना त्यांनी सँडल नेली, डमडम स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका बिहारी माणसाकडून शिवून आणली आणि माझ्याकडे दिली. म्हणाले, देऊन टाक, नोकरी नवी आहे.

साहेबांनी टाके निरखून बघितले. खूश झाले.

"बघ. पिढ्यांचा हात आहे. विसरत नाही."

तेव्हाही मी गप्पच. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, ही काही सबब नाही. एकोणीस वर्षांच्या माणसाला बोलता येतं.

आता यादीकडे येते. त्या दिवशी साहेब मशीनलासुद्धा कळतं म्हणाले, आणि खरं सांगायची लाज वाटते, पण तासभर मला ते खरं वाटलं. मी मशीनजवळ काम करणारी बाई. प्रोग्रॅम वाचणारी. तरी आतून कुठेतरी वाटलं की आपल्यात असं काहीतरी असणार की जे लोखंडालाही दिसतं. कारण सातही जण आम्हीच होतो. रेकॉर्ड विभागातला मंडल, टपालातल्या दोघी, असे सगळे राखीव जागांवर आलेले. यादीत दीडशेच्या वर नावं गेली आणि बाहेर पडलो ते नेमके आम्ही सात. एखाददुसरा मुखर्जी, एखादा सेनगुप्ता त्यात असता तर मी तो विचार केला नसता.

जेवणाच्या सुट्टीत मी तो कागद पुन्हा काढला. आता नावं वाचली नाहीत, नंबर वाचले. सातही नंबरांच्या सुरुवातीला एस होता.

आमच्या कचेरीत प्रत्येकाला पाच आकड्यांचा नंबर. माझा शून्य शून्य चार एक दोन. हे नंबर घोषालबाबूंच्या रजिस्टरात असत. घोषालबाबू म्हणजे आस्थापनेचे हेडक्लार्क, तीस वर्षं त्याच खुर्चीत. राखीव जागेवर कोणी आलं की ते त्याच्या नंबरातलं पहिलं शून्य खोडायचे आणि तिथे लाल शाईनं एस लिहायचे. शेड्यूल्डचा एस. कोणी सांगितलेलं नव्हतं. तसा नियम कुठे नव्हता. त्यांची सवय.

आणि मशीन आलं तेव्हा त्या रजिस्टरावरून सगळ्या कचेरीची कार्डं मी पंच केली होती. मी. माझं स्वतःचं कार्डसुद्धा. जसं दिसेल तसं. पहिल्या घरात एस, मग शून्य चार एक दोन. शेफालीदीनं ते दुसऱ्या मशीनवर पुन्हा टाइप करून तपासलं होतं आणि कार्डाच्या कडेला खाच पडली होती. खाच पडली म्हणजे कार्ड बरोबर आहे. मला त्या वेळी काहीच खटकलं नव्हतं. बोटं चालत होती.

मग ती ओळ आठवली. तीही मीच पंच केली होती, ही यादी निघाली त्याच आठवड्यात. साहेबांनी यादीच्या प्रोग्रॅमात सुरुवातीलाच एक तपासणी घातली होती. नंबरात आकड्यांखेरीज दुसरं काही असेल तर ते कार्ड बाजूला टाक. कोबोलमध्ये हे एका लहानशा वाक्यात लिहिता येतं, इफ एम्प्लॉयी नंबर नॉट न्यूमरिक. ऑपरेटरचं बोट घसरून एखादं अक्षर पडलं, एखादं घर कोरं राहिलं, तर पुढचा हिशेब बिघडू नये म्हणून ही काळजी. मशीन एकेक घर बघतं. शून्य ते नऊमधलं काही आहे का? आहे, पुढचं घर. पाचही घरांत आकडे असले तर जाऊ देतं. एका घरात जरी अक्षर निघालं तर बाहेर. बस्स. ते चांभार बघत नाही की चित्पावन बघत नाही. लिमयेसाहेबांच्या नंबरात कोणी एल घातला असता तर त्यांनाही त्याच पानावर नेऊन टाकलं असतं.

ती ओळ चांगली होती. त्या कचेरीत माझ्याशी कोणी सरळ वागलं असेल तर त्या ओळीनं. ती म्हणत होती, नंबरात अक्षर कशाला? हा नंबर नव्हे. आणि ते खरं होतं. तीस वर्षांत कोणाला न पडलेला प्रश्न तिनं एका झटक्यात विचारला होता, आणि साहेबांनी तो कागद बघून विनोद केला.

तिथे बसल्या बसल्या मला इतका राग आला की हातातली पोळी तशीच राहिली. साहेबांचा, घोषालबाबूंचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या बोटांचा.

मी घोषालबाबूंकडे गेले. त्यांचं घर बागबाजारचं, माणूस गोड बोलणारा, सगळ्या मुलींना "मा", म्हणजे आई, म्हणणारा. त्यांना बंगालीत विचारलं, माझ्या नंबरात एस का? ते दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, मा, हे तुमच्याच भल्यासाठी. राखीव बढत्या निघाल्या की तुम्हाला शोधायचं कसं? मी म्हटलं, त्यासाठी वेगळं रजिस्टर आहे ना? ते म्हणाले, आहे की. मग इथे कशाला? त्यांनी चहाचा घोट घेतला. तीस वर्षं असंच आहे, म्हणाले. मी म्हटलं, एस खोडा आणि माझं शून्य लिहा. ते हसून म्हणाले, एवढ्यानं काय होतं. मग दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागले.

परीक्षेला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी लिमयेसाहेब माझ्या टेबलाशी आले. हातात चौकटीचा कागद. कालच्या मानानं सौम्य होते. म्हणाले, मी घोषालबाबूंशी बोललोय, तुम्हा सातजणांचं काम करून टाकलंय. कागदावर चार ओळी होत्या. नंबराचं पहिलं अक्षर एस असेल तर कार्ड बाहेर टाकू नकोस. त्याचं नाव वेगळ्या पानावर छाप. पानाला मथळा दे, एस लिस्ट. बैठक क्रमांक सगळ्यांचे संपल्यावर तिथून पुढे दे. निकालही त्याच पानावर.

"चार ओळी आहेत. उद्या सकाळपर्यंत पंच करून दे. तुझंच काम आहे."

मी कागद वाचला. वाचताना कळलं की माणसाला मनापासून वाटतंय, तो उपकार करतोय. मशीननं फक्त विचारलं होतं, हे अक्षर इथे काय करतंय. त्यावर साहेबांचं उत्तर होतं की अक्षर राहू दे, याला वेगळं बसव. म्हणजे आजवर जे लाल शाईत एका कपाटात पडून होतं ते आता मशीनच्या आत जाणार. दरवर्षी. प्रत्येक यादीत. न थकता, न विसरता. घोषालबाबू कधीतरी निवृत्त झाले असते. या चार ओळी झाल्या नसत्या. आणि त्या ओळी मीच पंच करायच्या होत्या.

शेफालीदीनं दुपारी मला बाजूला घेतलं. तिनं सगळं बघितलं होतं. मनानं वाईट नाही ती. म्हणाली, छेडे दाओ. सोडून दे. वाटलं तर सात कार्डं नवीन पंच कर, एसच्या जागी शून्य घाल, मी खाच पाडून देते, कोण बघतंय? मला मोह झाला. पाच मिनिटांचं काम होतं. पण रजिस्टरात एस तसाच राहणार आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यावरूनच कार्डं होणार. शिवाय कोणाच्या लक्षात आलं तर चोर आम्हीच. माझं स्वतःचं शून्य मी चोरून का घालायचं?

मंडलला गाठलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, तीन मुलांचा बाप. तो चिडला. म्हणाला, बाई, मिळतंय ते घ्या. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला परवडतं. मी म्हटलं, आपण सातजण मिळून घोषालबाबूंकडे गेलो तर त्यांना शून्य लिहावं लागेल. तो म्हणाला, सातजण गेलो तर सातजणांची परीक्षा बुडेल. त्याचं चुकत होतं असं नाही. तरी मला त्याचा राग आला तो आलाच.

संध्याकाळी घरी दिवे गेलेले. कंदिलापाशी बसून मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा आता निवृत्त झाले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पान वेगळं असलं तरी प्रश्नपत्रिका तीच ना? मी म्हटलं, तीच. मग ते म्हणाले, दे परीक्षा. एकदा खुर्चीत बसलीस की मग भांड. मी तडकले. पाच वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं. विचारलं, तुम्ही ती सँडल शिवून का आणलीत? तशीच परत का पाठवली नाहीत?

आई आतून म्हणाली, बापाशी असं बोलतात का. बाबा कंदिलाची वात खालीवर करत राहिले. मग म्हणाले,

"चुकलं होतं माझं."

त्यांनी मला अमुक कर असं पुढे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी साडेदहाला साहेब आले. पंच विभागात सगळे आपापल्या मशीनवर बसलेले. साहेबांनी नेहमीप्रमाणे मराठीत विचारलं, झालं का? मी उभी राहिले. कागद त्यांच्यापुढे धरला आणि बंगालीत बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बंगालीत.

"एटा आमि पंच कोरबो ना."

हे मी पंच करणार नाही. सगळी मशीनं थांबली. साहेब हळू आवाजात म्हणाले, मराठीत बोल. मी बोलले नाही. मराठी माझी होती, बाबांनी पत्रं वाचायला लावून टिकवलेली. पण साहेबांनी तिचा आमच्या दोघांपुरता बंद दरवाजा करून ठेवला होता आणि त्या दरवाजाआड पाच वर्षं ते मला हवं ते बोलत होते. मी बंगालीतच पुढे म्हटलं, परवा यादी आली तेव्हा साहेब मला मराठीत काय म्हणाले ते सगळ्यांना सांगते. आणि सांगितलं. शब्दाला शब्द. मग सँडलचंही सांगितलं. शेफालीदीनं मान खाली घातली. परवा हसली होती ना ती.

साहेबांचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांत आता त्यांना बंगालीतच बोलावं लागलं, आणि तिथल्या रीतीनं तोंडातून "आपनि" आलं. तुमची अडचण काय आहे, त्यांनी विचारलं. तुम्हाला हवंय तरी काय?

"माझं शून्य," मी म्हटलं. "रजिस्टरात. घोषालबाबूंच्या हातानं लिहिलेलं."

"एका अक्षरासाठी परीक्षा सोडणार तुम्ही?"

"त्याच अक्षरासाठी तुमच्या प्रोग्रॅमनं मला बाहेर काढलंय. प्रोग्रॅमचं बरोबर आहे. तो बदलू नका. नंबर दुरुस्त करा."

कोणी माझ्या बाजूनं उठलं नाही. साहेबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि पलीकडच्या टेबलावर ठेवला. तिथल्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि पंच करायला लागली. चार ओळींना कितीसा वेळ लागणार. मी उभी होते तेवढ्यात झालं.

एस लिस्ट छापून आली. सातांपैकी सहाजणांनी प्रवेशपत्रं घेतली. मंडलनंही. माझं प्रवेशपत्र शेफालीदीच्या खणात पडून राहिलं. परीक्षेच्या दिवशी मी कामावर होते, खोल्या रिकाम्या होत्या. त्या परीक्षेतला प्रत्येक प्रश्न मला नंतर कळला आणि प्रत्येकाचं उत्तर येत होतं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. रागानं रडले, पण रडलेच.

मंडल पास झाला. हुशार होता तो. आता प्रोग्रॅमर आहे. कँटीनमध्ये त्याला मागून एस लिस्टवाला म्हणतात. ज्यांनी त्याच्याइतकेच मार्क मिळवले त्यांना कोणी काही म्हणत नाही. परवा तो माझ्याजवळ येऊन बसला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. चहा पिऊन उठून गेला.

मला मेमो मिळाला. काम नाकारल्याबद्दल. खुलासा करा. मी खुलासा लिहिला आणि खाली उलट विचारलं, कर्मचाऱ्याच्या नंबरात एस लिहावा असं कोणत्या नियमात आहे, त्याचा क्रमांक कळवावा. उत्तर आलं नाही. एक वेतनवाढ थांबली. तेच विचारत दुसरा अर्ज केला. मग तिसरा. युनियनच्या लोकांना भेटले. ते म्हणाले, सध्या मोठे प्रश्न आहेत. घोषालबाबू आता मला "मा" म्हणत नाहीत. लिमयेसाहेब माझ्याशी बोलत नाहीत, कागद शेफालीदीच्या हातून येतात. गणपतीचं आमंत्रण घरी यायचं, तेही बंद झालं. आईला त्याचं वाईट वाटतं. तिला मराठी बोलायला तेवढंच होतं.

एस अजून तिथेच आहे. मी जाऊन बघून येते.

यंदा पुन्हा परीक्षा निघाली आहे. दोन जागा. अर्जाच्या डोक्यावर नंबरासाठी पाच चौकटी आहेत. मी पाचही चौकटींत आकडे लिहिले. शून्य, शून्य, चार, एक, दोन. खिडकीवरच्या कारकुनानं रजिस्टर उघडून बघितलं आणि अर्ज परत सरकवला. म्हणाला, नंबर जुळत नाही, पहिल्या चौकटीत एस घाला. मी म्हटलं, घालणार नाही. त्यानं अर्ज घेतला नाही. मी तो टपालानं पाठवला. तो परत आला. मी नवा भरला, तसाच, आणि पुन्हा पाठवला आहे.

हाही परत येईल. मग तिसरा जाईल. यंदाची परीक्षा गेली तर पुढच्या वर्षीची, ती गेली तर त्याच्या पुढची. निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे वेळ आहे. परीक्षा मी देणार आहे, सगळ्यांच्या यादीतून, सगळ्यांच्या पानावर. नंबर जुळत नसेल तर रजिस्टर दुरुस्त करा. मी माझा नंबर दुरुस्त करणार नाही, तो बरोबर आहे.